चार पाइप आणि एक सपाट कोबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान वडिलांचं, ते गेल्यावर मी आणि भावाने ते बंद पडू दिलं नाही. माझं वय ४१. गेल्या दसऱ्यापासून मी एकचाकी सायकल शिकते आहे. माझ्याबरोबर माझी सातवीतली पुतणी आणि गल्लीतली आणखी पाच मुलं शिकताहेत. आठ महिन्यांत आम्ही शिकण्यासाठी आठ जागा पाहिल्या. आता शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला, आणि आमच्या हातात एकही जागा उरली नाही. म्हणून हे पत्र.

मैदानांविषयीची पत्रं तुमच्याकडे येतच असतात. त्यांत बहुतेक एकरांची भाषा असते. मला हवी आहे ती जागा तीन एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी, आणि रुंदीला चार-पाच पावलं. खाली सपाट कोबा आणि एका बाजूला हाताला धरायला काहीतरी. त्या धरायच्या वस्तूपायी आमची सगळी वणवण चालली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आमच्या दुकानात पहिली एकचाकी आली ती सर्कशीतून. मी तेव्हा चौथीत होते. गावात सर्कस उतरली होती आणि तिथला एक माणूस ती खांद्यावर टाकून वडिलांकडे आला. चाकाच्या चार तारा तुटलेल्या, रिमला चांगलाच आउट आलेला, म्हणजे ती वाकडी फिरत होती. वडिलांनी तारा भरल्या, आउट काढला, आणि मजुरी विचारल्यावर म्हणाले, "पैसे नकोत, पोरीला एकदा बसवून दाखवा." त्या माणसाने मला उचलून सीटवर ठेवलं. माझा एक हात त्याच्या खांद्यावर आणि दुसरा दुकानाच्या लाकडी खांबावर. "खंबा मत छोड़ना, बेटी," असं तो सारखं सांगत होता. चाक अर्धा फूट पुढे गेलं, अर्धा फूट मागे आलं. खेळ तेवढाच. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या खांबाला धरून नुसतीच एका पायावर उभी राहायची.

सर्कस आणि आपला जिल्हा यांचं नातं जुनं आहे. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे घोड्यांच्या विद्येत तरबेज होते. इटलीच्या कियारिनीची सर्कस मुंबईत आली, तो खेळ बघून त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली आणि १८८० साली तिचा पहिला खेळ मुंबईत केला. भारतीय माणसाने काढलेली ती पहिली सर्कस. पुढे आमच्या शेजारच्या म्हैसाळहून देवलांची सर्कस निघाली, तासगावातून परशुराम माळींची. पण त्या तंबूंतली मुलं ही विद्या पोटासाठी शिकायची, आणि पुढेपुढे कित्येक मुलांवर बळजबरीही झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायला सांगितलं, ते योग्यच झालं. आता आमच्या गल्लीतल्या मुलांना तीच विद्या खेळ म्हणून शिकावीशी वाटते. तिकीट नाही, तंबू नाही, पाठीमागे कुणी छडी घेऊन उभं नाही. माझ्या मते ती विद्या मुलांकडे यायला याहून चांगली वाट नाही.

गेल्या वर्षी मी वीस इंची चाकाची एकचाकी मागवली. खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिचीही पूजा केली आणि दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून तिच्यावर बसले. मागवून घेण्याआधी भावाने आणि मी दुकानात एक करून पाहिली होती. जुन्या सायकलचा चिमटा, मुलांच्या सायकलची रिम, आणि पायडलच्या एक्सलवर हबच्या वाट्या वेल्ड केलेल्या. तिसऱ्या दिवशी कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला धरून ठेवणारी खीळ, ढिली झाली. ठोकून बसवली, पुन्हा ढिली. साध्या सायकलवर पायाचा जोर एकाच दिशेने जातो. इथे तो पुढे आणि मागे दोन्हीकडे जातो, आणि कॉटर पिन त्याला टिकत नाही. ती सायकल आता नवी क्रँक टाकून चालू केली आहे आणि मुलं तीच वापरतात. कुणी घरी जुळवणार असेल तर आणखी एक सांगते. डावं पायडल डाव्या पायाखालीच आलं पाहिजे. त्याचे आटे उलटे असतात. चाक फिरवून उलटं बसवलंत तर चालवता चालवता पायडल उकलून हातात येतं.

हे एवढं लिहिण्याचं कारण असं की जागा कशी हवी हे यंत्र कळल्याशिवाय कळत नाही. एकचाकीला चेन नाही, फ्रीव्हील नाही. पायडल थेट चाकाच्या एक्सलला. पाय थांबला की चाक थांबलं, पाय मागे घेतला की चाक मागे. आपण पुढे झुकलो की चाक दाबून पुढे न्यायचं आणि आपल्या खाली आणायचं. सगळी कसरत तीच. आता यात एक खोच आहे. एक पायडल वर आणि दुसरं बरोबर खाली, अशी क्रँक उभी आली की पायाने कितीही दाबा, जोर लागत नाही. नवशिका तिथेच अडकतो आणि उतरतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत ही जागा दोनदा येते. वीस इंची चाक एका फेरीत साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर जातं, म्हणजे साधारण दर अडीच फुटांवर एकदा आपण पडायच्या बेतात असतो. त्या क्षणाला हाताला आधार मिळाला तर पुढची फेरी मिळते. नाही मिळाला तर खाली उतरा, सायकल उचला, पुन्हा चढा. आधाराशिवाय माझ्या एका तासातली पन्नास मिनिटं चढण्यात जायची आणि चालवणं दहा मिनिटांचंही व्हायचं नाही.

पहिला आठवडा आम्ही आमच्या गच्चीवर घालवला. ती चूक होती आणि ती कुणी करू नये. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तो चालताना कळत नाही; एकचाकीवर बसलं की चाक आपोआप पन्हाळीच्या दिशेला ओढतं. त्याहून वाईट म्हणजे कठडा. उभं राहिलं की तो कमरेला लागतो. सीटवर बसल्यावर माणूस उंच होतो आणि तोच कठडा मांडीला लागतो. पुतणीने तिथे हात टेकला आणि तिचं अर्धं अंग कठड्याच्या पलीकडे गेलेलं मी पाहिलं. मी तिला दंडाला धरून खाली घेतलं, सायकल जिन्यात ठेवली आणि गच्चीला कुलूप लावलं.

मग गल्ली. गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत. ते कडेच्या गटारीकडे उतरते बसवलेत, आणि दोन ब्लॉकांमधल्या फटीत चाक क्षणभर अडतं. सरावलेल्याला त्याचं काही नाही. नवशिक्याला तेवढा धक्का पुरतो. शिवाय दोन्ही बाजूंना मोटारसायकली उभ्या. एकचाकीवरून पडताना माणूस बहुतेक वेळा पायांवरच उतरतो, दोन पावलं पळतो आणि सावरतो. पण सायकल त्याच्या खालून निसटते आणि पुढे किंवा मागे चांगली सहा-सात फूट उडते. ती कुणाच्या इंडिकेटरवर गेली, तर कधी कट्ट्यावर बसलेल्या आजींच्या पायाशी. आजी काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

देवळाच्या आवारात शहाबादी फरशी गुळगुळीत होती आणि पुजारीकाकांनी आपणहून या म्हटलं. आठ दिवसांत फरशीवर टायरचे काळे ओरखडे दिसायला लागले. मुलांनी सोडा आणि काथ्या घेऊन ते घासले आणि आम्ही तिथून निघालो. एका मंगल कार्यालयाच्या आवारातही कार्तिकात जागा मिळाली होती. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, ती जागा गेली.

मैदानाबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण ज्याला विचारावं तो "मैदानावर जा की" असंच म्हणतो. आम्ही गेलो. डिसेंबरभर, सकाळी साडेपाचला, अंधारात. मैदानावर गवत आणि माती. गवतावर पडलं तर लागत नाही, म्हणून नवशिक्याने गवतावर शिकावं असं लोकांना वाटतं. उलट आहे. गवतात चाक रुततं, प्रत्येक फेरीला दुप्पट जोर लागतो, आणि ती पायडल उभी येण्याची जागा तर ओलांडताच येत नाही. दहा मिनिटांत मांड्या भरून येतात. मधली खेळपट्टी कडक आणि सपाट होती, पण ती क्रिकेटवाल्या मुलांची, त्यांनी स्वतः पाणी मारून, रोलर फिरवून केलेली. तिच्यावर चाक घालणं मलाच बरं वाटलं नाही. कडेने चालण्याचा ट्रॅक आहे. तिथे सकाळी पन्नास-साठ माणसं फिरतात, त्यांतली निम्मी माझ्या आईच्या वयाची. त्यांच्यामध्ये निसटणारी सायकल घेऊन जायला मी तयार नाही. आणि धरायला काय, तर मैदानाच्या कडेला बाभळीचं काटेरी कुंपण.

मैदानावरची दुसरी अडचण बाईमाणसाची आहे. मी एकचाकीवर चढले की मोबाइल बाहेर यायचे. विचारून कुणी काढलं नाही. पडले की हसणं ऐकू यायचं. मी ४१ वर्षांची आहे, दुकानात रोज पुरुषांशी व्यवहार करते, मला ते झेपतं. पण आमच्यातल्या दोन मुली दहा आणि अकरा वर्षांच्या आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक म्हणाली, "आत्या, मी नुसती बसून बघते." ती पुढे आठवडाभर बसूनच होती. शिकणारं माणूस तासाला चाळीस वेळा पडतं. चाळीस वेळा पडताना अनोळखी डोळे आणि कॅमेरे आपल्यावर नसावेत, एवढी आडोशाची जागा शिकायला लागतेच. माझ्या यादीत सपाट जमिनीनंतर लगेच हीच गोष्ट येते.

चांगल्या जागाही पाहिल्या, पण बाहेरून. एका संस्थेचं बास्केटबॉलचं कोर्ट आहे. सिमेंटचं, पाण्याच्या पातळीसारखं सपाट, आणि चारी बाजूंनी उंच तारेची जाळी. जाळीसारखा आधार दुसरा नाही. भिंतीला हात नुसता टेकतो, पकडता येत नाही, आणि हाताची बोटं सोलून निघतात. जाळीत बोटं अडकवून स्वतःला मागे ओढता येतं, सावरता येतं, जिथे पाहिजे तिथे सोडता येतं. सकाळी सहा ते सात ते कोर्ट रिकामं असतं, हे मी पंधरा दिवस येता-जाता पाहिलं. तीनदा अर्ज केला. अर्जात खेळाचं नाव लिहायला रकाना होता. तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं की हा खेळ यादीत नाही. मी शुल्क द्यायला तयार होते, मुलांच्या पालकांची सही आणायला तयार होते. यादीत नाही म्हटल्यावर पुढे काय बोलणार?

स्केटिंग रिंकवर मला नाही म्हटलं गेलं, पण तिथल्या प्रशिक्षकांचं म्हणणं मला पटलं. रिंकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर लोखंडी पायडल आपटलं तर खळगा पडतो, आणि स्केटच्या लहान चाकाला तेवढा खळगा पुरतो. मी घरी येऊन सगळ्या सायकलींची पायडलं प्लास्टिकची केली आणि सीटच्या दोन्ही टोकांना जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ही गोष्ट मी रिंकवाल्यांमुळे शिकले आणि ती सगळ्यांनी करावी. नडगीला लोखंडी पायडल लागलं की काय होतं हे ज्याला लागलंय त्यालाच ठाऊक. मुलांना आता फुटबॉलचे नडगीचे गार्ड, हेल्मेट आणि मनगटाच्या पट्ट्या घातल्याशिवाय मी बसू देत नाही.

आणि मग मे महिना. एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आमच्या दुकानात मुलाच्या सायकलचं पंक्चर काढायला आल्या होत्या. दुकानासमोर पुतणी खांबाला धरून एकचाकीवर बसलेली त्यांनी पाहिली. पंक्चर होईपर्यंत त्या तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "सुट्टीत शाळेचा व्हरांडा रिकामाच असतो. सकाळी सात ते नऊ या. शिपाईकाका फाटक उघडतील."

त्या व्हरांड्यात आम्ही जे शिकलो ते सात महिन्यांत शिकलो नव्हतो. जुनी कौलारू शाळा आहे. समोर लांबच लांब व्हरांडा, खाली घोटलेला कोबा, वर सावली, आणि कडेने ११ गोल खांब. मी टेपने मोजलं, दोन खांबांत दहा फूट. म्हणजे चाकाच्या दोन फेऱ्यांना जरा कमी. त्या अंतराची किंमत मला तिथे कळली. सलग कठडा असला की माणूस त्याला घसटत जातो, सगळा भार हातावर टाकतो आणि सीटवर बसतच नाही. खांब आला की धरावा लागतो आणि पुढे जायचं तर सोडावाच लागतो. दहा फूट हात मोकळा. पुढचा खांब डोळ्यांसमोर दिसत असतो, म्हणून नजर आपोआप चाकावरून उठते आणि समोर जाते. "खाली बघू नका, समोर बघा" असं मी मुलांना शंभरदा सांगून झालं नव्हतं ते खांबांनी करून दिलं. माझं मत आता असं झालंय की पहिले काही दिवस सलग पाइप हवा आणि नंतर खांब.

व्हरांड्याला एक धोका होता. एका बाजूला अंगणात उतरायची फूटभर पायरी. दुकानात जुने टायर पडलेले असतात, ते आम्ही हातगाडीवर घालून नेले आणि सगळ्या कडेने उभे लावले. नऊ वाजता पुन्हा गोळा करून मागच्या खोलीत ठेवायचे. जाताना मुलं कोबा ओल्या फडक्याने पुसायची. महिनाभरात शाळेचं काहीही मोडलं नाही, एक कुंडीसुद्धा नाही.

पुतणीला पहिल्या खांबावरून दुसऱ्यावर जायला तीन दिवस लागले. दुसऱ्या आठवड्यात ती चार खांब न धरता जायला लागली. मग एका सकाळी ती निघाली, मी शेवटच्या खांबाशी उभी. पाचव्या खांबापाशी ती डगमगली. क्रँक उभी आली होती. तिने खांबाकडे हात नेला, बोटं उघडली, आणि तेवढ्यात चाक सुटलं. हात तसाच हवेत राहिला. खांबाला नुसता दाखवून ती पुढे गेली. सहा, सात, आठ. तिच्या तोंडातून आवाज नाही, फक्त कोब्यावर टायरचा सुर्रर्र असा बारीक आवाज. शिपाईकाका झाडू घेऊन उभे होते, त्यांनी झाडू खाली ठेवला. अकरावा खांब मागे टाकून ती भिंतीला जाऊन टेकली आणि तिने मागे वळून पाहिलं. मैदानावर बसून बघणारी ती दहा वर्षांची मुलगी त्याच दिवशी दोन खांब गेली. माझे आजवर सात झाले आहेत.

जपानमध्ये हा खेळ शाळांतूनच शिकवला जातो. १९८९ साली तिथल्या सरकारने प्राथमिक शाळेच्या खेळाच्या अभ्यासक्रमात एकचाकी घेतली. आमच्या गल्लीतला एक मुलगा तिथे नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितलं की त्याच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानाकडेला एकचाक्यांचा स्टँड आहे आणि त्याच्या शेजारी मुलांच्या छातीइतक्या उंचीचे लोखंडी पाइप ओळीने रोवलेले आहेत. मधल्या सुट्टीत मुलं स्टँडवरून सायकल काढतात आणि पाइप धरून शिकतात. हे ऐकून मी रात्री वहीत आकृती काढायला बसले. आंतरराष्ट्रीय एकचाकी महासंघ १९८२ पासून आहे, १९८४ पासून जागतिक स्पर्धा होतात, त्यांत शर्यती असतात, बास्केटबॉल आणि हॉकीसुद्धा एकचाकीवर खेळतात. कोर्टाच्या अर्जाला हे सगळं मी जोडलं होतं. पण माझं मन त्या स्पर्धांपेक्षा शाळेच्या कडेला रोवलेल्या त्या पाइपांत अडकलंय.

तर मागणं असं. शहरात महापालिकेच्या बागा आहेत, खुली क्रीडांगणं आहेत. त्यांपैकी एखाद्या ठिकाणी, जिथे आधीच कोबा केलेला कोपरा पडून असेल, तिथे एका कडेला दीड इंची जीआय पाइपचा कठडा करावा. पाइप वीस फुटी येतो. असे चार लागतील. ८० फूट, म्हणजे चाकाच्या १५ फेऱ्या. निम्म्या लांबीत उंची मुलांसाठी सव्वातीन फूट ठेवावी, निम्म्या लांबीत मोठ्यांसाठी पावणेचार फूट. दर सहा-सात फुटांवर टेकू. कठडा झाला की पुढे दहा-दहा फुटांवर नुसते चार खांब. समोर चार-पाच पावलं जागा मोकळी, तिथे बाक नको, कुंडी नको, गाडी उभी करायची सोय नको. उतार अजिबात नको. बादलीभर पाणी ओतून बघावं, ते जागीच पसरलं तर जागा बरोबर. पाऊस येणार हे गृहीत धरून वर पत्रा मिळाला तर वर्षभर चालेल, नाही मिळाला तर पावसाचे चार महिने सोडून चालेल.

यात फक्त एकचाकीवाल्यांची सोय आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी पंधरा मिनिटं त्या शाळेच्या व्हरांड्यात बसायला हवं होतं. शिपाईकाकांची आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालते. आम्ही नऊला निघालो की ती त्याच खांबांना धरत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची. धरायला पाइप असला की स्केट शिकणारं लहान मूलही येईल, कुबडी सोडायला शिकणारं माणूसही येईल. सकाळचा एक तास आम्हाला द्यावा, बाकीचा दिवस पाइप सगळ्यांचा.

शाळांनाही एक विनंती. सुट्टीत व्हरांडे बंद असतात, त्यामागे जबाबदारीची भीती असते हे मला समजतं. आम्ही मुख्याध्यापिकाबाईंना सातही घरांच्या सह्यांचं पत्र दिलं होतं की इजा झाली तर जबाबदारी आमची, आणि रोज एक मोठं माणूस हजर राहील. असं पत्र घेऊन दिवाळीच्या सुट्टीत कुणी आम्हाला व्हरांडा देणार असेल तर टायर, फडकी आणि कुलूप आम्ही घेऊन येऊ.

पाइपांचे पैसे सात घरांनी मिळून काढायचं ठरवलं आहे. वेल्डिंग माझा भाऊ करेल, रंग मुलं देतील. महापालिकेकडून आम्हाला फक्त जागा आणि परवानगी हवी आहे. तसा अर्ज आकृतीसकट मी या आठवड्यात देते आहे. आमचं दुकान साडेनऊला उघडतं. मोजमाप घ्यायला त्याआधी कुठेही बोलावलं तर मी टेप घेऊन येईन.

तोवर मुलं शाळा सुटल्यावर दुकानात येतात आणि त्याच लाकडी खांबाला धरून आळीपाळीने बसतात, एका वेळी एक. वर पत्रा आहे म्हणून भिजत नाहीत. चाक अर्धा फूट पुढे जातं, अर्धा फूट मागे येतं. त्याच्यापुढे पायरी आहे आणि पायरीखाली रस्ता.

आपली एक वाचक,
सायकल दुकानदार, मिरज